अंडरग्राउंड खदानीजवळचा नाला आणि विहिरी: पाण्याचं मॉनिटरिंग पायरी पायरीने

खदानीजवळच्या गावांतून पाण्याचे जे रिपोर्ट बघायला मिळतात त्यात बहुतेक वेळा चूक तीच असते. कुणीतरी उन्हाळ्यात विहिरीचं पाणी बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत भरतं, दोन दिवसांनी लॅबला देतं, रिपोर्टमध्ये लोह किंवा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) जास्त येतो, आणि मग तो कागद घेऊन सगळे ऑफिसात जातात. तिथे पहिलाच प्रश्न विचारला जातो, "खदान नव्हती तेव्हा किती होतं? खदानीपासून लांबच्या विहिरीत किती आहे?" आणि उत्तर नसतं. कंपनीच्या बाजूने मॉनिटरिंग करणारी नवीन पोरंही हेच करतात, फक्त त्यांच्या बाटल्या चांगल्या असतात.

बाटली भरणं हे या कामातलं जवळजवळ शेवटचं काम आहे. त्याआधी काय करायचं आणि कोणत्या क्रमाने करायचं, ते इथे लिहितोय. डोळ्यासमोर विदर्भातल्या कोळशाच्या अंडरग्राउंड खदानी आहेत, म्हणजे सावनेर, सिल्लेवाडा किंवा चंद्रपूर-बल्लारपूरकडच्या. चिखला, गुमगाव अशा मॅंगनीजच्या खदानींसाठी जिथे फरक पडतो तिथे तसं सांगतो.

## पायरी १: खदान चालू आहे का बंद, हे आधी पक्कं करा

ही पायरी लोक सोडूनच देतात आणि मग पुढचं सगळं चुकतं, म्हणून इथे जरा थांबू.

अंडरग्राउंड खदान चालू असते तेव्हा खालचं पाणी रात्रंदिवस पंपाने वर काढलं जातं. त्यामुळे आजूबाजूचं भूजल खदानीच्या दिशेने ओढलं जातं, म्हणजे पाणी विहिरीकडून खदानीकडे जातं, उलटं नाही. म्हणून चालू खदानीजवळच्या विहिरीचा मुख्य प्रश्न पातळीचा असतो. वर काढलेलं पाणी सेटलिंग टॅंकमधून, म्हणजे गाळ खाली बसवायच्या टाकीतून, नाल्यात सोडतात, त्यामुळे नाल्याचा प्रश्न गुणवत्तेचा असतो.

खदान बंद होऊन पंप थांबले की चित्र फिरतं. गोफमध्ये, म्हणजे कोळसा काढून झालेल्या पोकळीत, पाणी भरायला लागतं. इतकी वर्षं हवेत राहिलेल्या कोळशातल्या आणि दगडातल्या पायराइटपासून (लोह आणि गंधकाचं खनिज) जे क्षार तयार झालेले असतात ते त्या पाण्यात विरघळतात, आणि पातळी पुरेशी वर आली की ते पाणी उताराकडच्या विहिरींकडे किंवा नाल्याकडे जाऊ शकतं. आता विहिरीची पातळी वाढते, गावात आनंद होतो, आणि नेमकं तेव्हाच तिची गुणवत्ता बघायची असते.

याला एक अपवाद आहे. खदान चालू असली तरी कोळशाचा स्टॉक, रेल्वे सायडिंग, दगड-मातीचा ढीग आणि सेटलिंग टॅंक हे सगळं जमिनीवर असतं. यातून मुरणारं पाणी उथळ विहिरीत जाऊ शकतं, खाली पंप चालू असले तरी. विहीर ढिगाच्या उताराला असेल तर पातळी आणि गुणवत्ता दोन्ही बघा.

तपासा: खदान चालू आहे, बंद आहे, का अर्धी बंद आहे? पंपिंग रोज किती घनमीटर होतं? डिपिलरिंग, म्हणजे आधाराला ठेवलेले कोळशाचे खांब काढणं, स्टोइंगने (पोकळी वाळूने भरत) चालतं का छत पाडून? छत पाडत असतील तर वर जमिनीला भेगा पडून पावसाचं पाणी सरळ खाली जाऊ शकतं, आणि स्टोइंग असेल तर वाळूबरोबर गेलेलं पाणीही पंपिंगमध्येच मोजलं जातं. ही माहिती वहीच्या पहिल्या पानावर हवी.

## पायरी २: कागदपत्रं आणि नकाशा

खदानीला पर्यावरण मंजुरी मिळाली असेल तर तिच्या अटींमध्ये भूजल पातळी आणि गुणवत्ता मोजण्याची अट साधारणपणे असतेच. मंजुरीचं पत्र, पर्यावरण आघात अहवाल आणि दर सहा महिन्यांनी द्यायचा अनुपालन अहवाल, हे तिन्ही मिळवा. परिवेश पोर्टलवर (पर्यावरण मंजुऱ्यांची सरकारी वेबसाइट) आणि कंपनीच्या वेबसाइटवर शोधा, नाही मिळाले तर माहिती अधिकारात मागा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतिपत्रही हवं, कारण किती पाणी सोडायचं आणि त्याची मर्यादा काय, ते त्यात लिहिलेलं असतं.

आघात अहवालातले जुने आकडे ही तुमची पहिली बेसलाइन. पण ते आकडे बहुतेक वेळा एकाच ऋतूतले असतात, तेही पावसाळा सोडून. मार्च ते मेमधल्या आकड्याशी नोव्हेंबरचा आकडा ताडून "सुधारणा झाली" किंवा "बिघडलं" असं म्हणता येत नाही. उन्हाळ्याची तुलना उन्हाळ्याशीच.

आता नकाशा. खदानीची हद्द, पंपाचं पाणी सोडण्याची जागा, ढीग, नाला, नाल्याला मिळणारे लहान ओहोळ, गावाची गटारं, विहिरी आणि बोअर असं सगळं त्यावर लावा. गटार विसरू नका, नाल्यातल्या बऱ्याच भानगडी गावाच्या सांडपाण्याच्या असतात आणि दोष खदानीवर जातो. आणि उलटंही होतं.

धोका: जिथे जमीन खचली आहे, भेगा आहेत, तारेचं कुंपण आहे, तिथे आत जाऊ नका. भेगेतून गोफमधला वायू येऊ शकतो, आणि वरून टणक दिसणारी जमीन पायाखालून जाऊ शकते. लीजच्या हद्दीत जायचं तर लेखी परवानगी घेऊन आणि त्यांचा माणूस बरोबर घेऊन.

## पायरी ३: जागा निवडणं

नाल्यावर कमीत कमी या जागा लागतात:

१. खदानीचं पाणी आणि ढिगांचं वाहून येणारं पाणी मिसळण्याच्या वर.
२. सेटलिंग टॅंकचं पाणी जिथून बाहेर पडतं तिथे, नाल्यात मिसळण्याआधी.
३. मिसळल्यानंतर खाली, पण पूर्ण मिसळल्यावरच.
४. नाला पुढे नदीला मिळतो त्याच्या थोडं आधी, मग ती कोलार असो, कन्हान असो नाहीतर इरई.
५. जमलं तर शेजारचा एक असा नाला जिथे तशीच माती, तशीच शेती आहे पण खदान नाही.

तिसऱ्या जागेवर सगळ्यात जास्त गोंधळ होतो. सोडलेलं पाणी लगेच मिसळत नाही, ते बऱ्याच अंतरापर्यंत एका काठाने वेगळं वाहत जातं. म्हणून आधी ईसी मीटर घेऊन डावा काठ, मध्य आणि उजवा काठ अशी तीन रीडिंग घ्या. तिन्हींत ५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर अजून खाली चला. जिथे तिन्ही जुळतील ती तुमची जागा, तिथे दगडावर पेंटने खूण करा आणि जीपीएस नोंदवा. (ईसी म्हणजे पाण्यातून वीज किती वाहते त्याचं माप, क्षार जास्त तर ईसी जास्त. पर्यावरण मंजुरीलाही लोक ईसी म्हणतात, फॉर्ममध्ये गल्लत करू नका.)

विहिरींचं सूत्र सोपं आहे, काही खदानीच्या चढाच्या बाजूला, काही उताराच्या बाजूला, काही एकदम जवळ आणि एक-दोन इतक्या लांब की पंपिंगचा परिणाम पोचणार नाही. या लांबच्या विहिरी म्हणजे कंट्रोल, त्याच लोक टाळतात कारण "तिथे काही प्रॉब्लेम नाही ना". प्रॉब्लेम नाही म्हणूनच त्या पाहिजेत.

पण भूजलाचा चढ-उतार जमिनीवरून ठरवू नका. त्यासाठी विहिरीच्या काठाची समुद्रसपाटीपासूनची उंची लागते. समजा एका विहिरीचा काठ २८५ मीटरवर आहे आणि पाणी ८ मीटर खोल, दुसरीचा काठ २७९ वर आणि पाणी ५ मीटर खोल. लोक म्हणतात दुसरीत पाणी वर आहे. प्रत्यक्षात पहिलीतलं पाणी २७७ वर आहे आणि दुसरीतलं २७४ वर, म्हणजे पाणी पहिलीकडून दुसरीकडे सरकतंय. अशा तीन विहिरी त्रिकोणात घेतल्या की दिशा काढता येते. कामठी वालुकाश्माच्या भागात हे बऱ्यापैकी जमतं. मॅंगनीजच्या पट्ट्यात खडक कठीण आहे, पाणी फटींतून चालतं, तिथे तीन विहिरींवर भरवसा ठेवू नका, जास्त घ्या.

आणखी एक, उथळ विहीर आणि खोल बोअर हे दोन वेगळे थर असू शकतात. विहीर १२ मीटरची आणि बोअर ९० मीटरचं, मग दोघांची सरासरी काढून काय मिळणार? थराप्रमाणे दोन वेगळे तक्ते ठेवा. नवीन पिझोमीटर (फक्त भूजल मोजण्यासाठीचं बोअर) खोदत असाल तर ज्या थरात मोजायचं तिथेच जाळीचा पाइप हवा आणि वरच्या बाजूने बेंटोनाइटचं (पाण्याने फुगणाऱ्या मातीचं) सील हवं, नाहीतर वरचं पाणी बाजूने उतरून खालचं म्हणून मोजलं जातं. पंपिंगच्या बोअरच्या अगदी शेजारी पिझोमीटर घेऊ नका, किमान ५० मीटर लांब ठेवा.

## पायरी ४: वेळापत्रक

भूजल पातळी वर्षातून चार वेळा तरी मोजायची: मे, ऑगस्ट, नोव्हेंबर, जानेवारी. गुणवत्ता किमान दोनदा, मेमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये. पहिल्या वर्षी मात्र गुणवत्तेच्याही चार फेऱ्या करा, नाहीतर नैसर्गिक चढउतार कळतच नाही. नाला महिन्यातून एकदा.

जूनमधला पहिला जोराचा पाऊस वेगळा पकडा. उन्हाळाभर साचलेली कोळशाची धूळ आणि ढिगावरचे क्षार त्या एका पावसात खाली येतात. ही फेरी वेगळ्या नावाने नोंदवा, महिन्याच्या नेहमीच्या आकड्यांत मिसळू नका.

नेहमीची चूक: एप्रिलमध्ये वरच्या जागी नाला कोरडा पडतो, म्हणून लोक ती जागा सरकवून कुठल्यातरी डबक्यातून सॅंपल घेतात. नका घेऊ. "कोरडा" असं लिहा, फोटो काढा. वर कोरडा आणि खाली वाहतोय याचा अर्थ खाली जे वाहतंय ते बहुतेक सगळं पंपाचं पाणी आहे, ही मोठी माहिती आहे. खालच्या गावातली गुरं उन्हाळाभर तेच पाणी पितात आणि शेतकरी त्यावर भाजीपाला काढतात, पुढे पंप बंद झाले तर त्यांचं काय, हा प्रश्नही या एका शब्दातून उभा राहतो.

## पायरी ५: काय तपासायचं आणि लॅब कोणती

शेतावर जागेवरच मोजायचं: पीएच, ईसी, तापमान, नाल्यात विरघळलेला ऑक्सिजन. पीएच बाटलीतून लॅबला नेऊन मोजला तर तो बदललेला असतो.

लॅबमध्ये: टीडीएस, गढूळपणा, कठीणपणा, अल्कलिनिटी, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट, फ्लोराइड, लोह, मॅंगनीज. वर्षातून एकदा आर्सेनिक, शिसं, झिंक, निकेल वगैरे. नाल्यात यांच्याशिवाय तरंगते घन कण, सीओडी (पाण्यातली घाण मोडायला लागणारा ऑक्सिजन) आणि तेल-ग्रीस. पिण्याची विहीर असेल तर कोलिफॉर्म जिवाणू.

कोळशाच्या खदानीत सगळ्यात बोलका आकडा सल्फेटचा. लोक फक्त पीएच बघतात, तो ७.५ आला की "पाणी छान आहे" म्हणून मोकळे होतात. पायराइटपासून ॲसिड तयार होतं हे खरं, पण खडकात चुना असेल तर ते तिथेच मारलं जातं, पीएच नॉर्मल येतो, लोह खाली बसून जातं आणि मागे उरतं ते सल्फेट आणि वाढलेला कठीणपणा. मॅंगनीजच्या खदानीत सल्फेटपेक्षा मॅंगनीज आणि गढूळपणाकडे लक्ष द्या.

लॅबला एनएबीएल (लॅबचा दर्जा तपासणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता आहे का, एवढं विचारून थांबू नका, तुमचा पॅरामीटर त्या मान्यतेच्या यादीत आहे का ते बघा. आणि सगळ्यात कमी किती मोजू शकता ते विचारा. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा ०.०१ मि.ग्रॅ. प्रति लिटर आहे. लॅबची मशीन ०.०५ च्या खाली बघूच शकत नसेल आणि रिपोर्टवर "बीडीएल" (मोजता येण्याच्या मर्यादेखाली) छापून आलं, तर तुम्हाला काहीच कळलेलं नाही. गावातल्या पिण्याच्या पाण्यासाठी जिल्ह्यातल्या शासकीय पाणी तपासणी प्रयोगशाळा आहेत, फी कमी असते, जलसुरक्षकाला विचारा. फील्ड टेस्ट किट प्राथमिक अंदाजाला ठीक, तुलनेचा तक्ता त्यावर बनवू नका.

## पायरी ६: आदल्या दिवशीची तयारी

बाटल्या लॅबकडूनच घ्या. धातू तपासायच्या पाण्याची बाटली वेगळी, साध्या क्षारांची वेगळी, तेल-ग्रीससाठी रुंद तोंडाची काचेची, कोलिफॉर्मसाठी निर्जंतुक.

मीटर कॅलिब्रेट करा: पीएचला ७ आणि ४ किंवा ९.२ चं बफर (ठरलेल्या पीएचचं द्रावण), ईसीला १४१३ मायक्रोसीमेन्सचं द्रावण. रीडिंग वहीत लिहा, "केलं" एवढं लिहून चालत नाही.

बरोबर घ्या: बर्फाची पेटी, ०.४५ मायक्रॉनचे सिरिंज फिल्टर, ५० मि.लि.च्या सिरिंज, डिस्टिल्ड वॉटर, ग्लोव्हज, पातळी मोजायचा टेप, मार्कर, मोजपट्टी, घड्याळ.

आणि शेतकऱ्याला आदल्या दिवशी फोन करा. "दादा, तुमच्याकडे थ्री फेज लाईट कधी असते?" हे विचारायचंच. कृषी पंपाची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. रात्रभर मोटर चालून सकाळी तुम्ही पातळी मोजली तर ती खदानीची नाही, त्या मोटरची पातळी आहे. निदान १२ तास मोटर बंद हवी, आणि शेजारच्याचीही. ग्रामपंचायतीच्या विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर कधी टाकली तेही विचारून घ्या.

## पायरी ७: विहीर आणि बोअरची पातळी

सॅंपलच्या आधी पातळी. नेहमी आधी. एकदा पाणी उपसलं की ती संधी गेली.

काठावर एक ठिपका रंगाने पक्का करा आणि दर वेळी तिथूनच मोजा. काठ जमिनीपासून किती वर आहे ते एकदा मोजून ठेवा आणि वजा करा. मध्येच कुणी विहिरीचा कठडा वाढवून बांधला तर आकड्यात अर्धा मीटर उडी दिसते आणि सगळे कारण शोधत बसतात.

बोअरमध्ये एक फसवणूक होते. वरच्या फटीतून पाणी पाइपच्या भिंतीवरून झिरपत असतं आणि टेपचा बीपर त्या थेंबांनाच लागून वाजतो. म्हणून टेप थोडा वर घ्या, परत सोडा, तीनदा वाजू द्या. तिन्ही वेळा १ सेंटिमीटरच्या आत आलं तरच लिहा. शंका असेल तर टेपचा शेवट स्वच्छ पुसून, खडू लावून सोडा. ओल कुठपर्यंत चढली ते खडूवर सरळ रेषेत दिसतं, थेंबांचे डाग वेगळे दिसतात.

## पायरी ८: विहीर आणि बोअरचं सॅंपल

बोअरमध्ये पाइपात उभं राहिलेलं पाणी म्हणजे थरातलं पाणी नव्हे. ते जुनं असतं, लोखंडी केसिंगचं लोह त्यात उतरलेलं असतं. म्हणून आधी उपसा. हिशोब असा: ६ इंची बोअरमध्ये एका मीटरला सुमारे १७.७ लिटर पाणी मावतं. पाण्याचा स्तंभ ३० मीटर असेल तर ५३० लिटर, त्याच्या तिप्पट म्हणजे साधारण १,६०० लिटर. पंप मिनिटाला ४० लिटर देत असेल तर ४० मिनिटं. बादली आणि घड्याळ घेऊन पंपाचा वेग मोजा, अंदाज नको. उपसताना दर पाच मिनिटांनी पीएच, ईसी आणि तापमान बघत राहा, तीन लागोपाठ रीडिंग स्थिर आली की भरा.

बोअर रोज चालतं, तर कमी उपसा चालेल, पण रीडिंग स्थिर होणं सोडू नका. उघड्या विहिरीत तिप्पट उपसा शक्य नसतो, तिथे पृष्ठभागाच्या निदान ३० सें.मी. खालून सॅंपल घ्या, वरचा कचरा आणि शेवाळ टाळून. टाकीच्या नळातून किंवा आरओतून कधीच नाही.

धातूंची बाटली भरताना क्रम महत्त्वाचा. बोअरचं पाणी काढताना काचेसारखं स्वच्छ दिसतं, तेच बाटलीत तास-दोन तास ठेवलं की आधी पिवळसर झाक येते आणि संध्याकाळपर्यंत तळाला गंजाचा पातळ थर बसतो. पाण्यात विरघळलेलं लोह हवा लागून घट्ट झालेलं असतं. लॅबमध्ये वरचं स्वच्छ पाणी काढून तपासलं तर लोह कमी येतं. म्हणून:

१. जागेवरच, लगेच, सिरिंजने फिल्टर करा.
२. मग नायट्रिक ॲसिड असलेल्या बाटलीत भरा, पीएच २ च्या खाली आला पाहिजे.

उलटं केलं, म्हणजे आधी ॲसिड आणि मग फिल्टर, तर गाळातलं लोह, मॅंगनीज सगळं विरघळून पाण्यात येतं आणि आकडा फुगतो. नाल्यासाठी दोन बाटल्या घ्या, एक फिल्टर केलेली आणि एक न केलेली, आणि कोणती कोणती ते लेबलवर लिहा.

नेहमीची चूक: "बाटली तीनदा खंगाळून घ्या" हे सगळ्यांना पाठ असतं. साध्या क्षारांच्या बाटलीला ते बरोबर आहे. ज्या बाटलीत लॅबने आधीच ॲसिड टाकून दिलंय ती खंगाळली की ॲसिड गेलं. कोलिफॉर्मची निर्जंतुक बाटलीही खंगाळायची नाही, आणि ती काठोकाठ भरायची नाही.

धोका: ॲसिड हाताळताना ग्लोव्हज आणि चष्मा. लहान मुलं जमतातच, त्यांना लांब ठेवा.

## पायरी ९: नाल्याचं सॅंपल आणि प्रवाह

सगळ्यात खालच्या जागेपासून सुरू करा आणि वर जा, म्हणजे तुमच्या पायांनी ढवळलेला गाळ पुढच्या सॅंपलमध्ये येत नाही. उभं राहताना तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला, बाटली तुमच्यापुढे, तळाला न टेकवता.

आणि प्रवाह मोजा. फक्त मि.ग्रॅ. प्रति लिटर सांगून भागत नाही, कारण पावसाळ्यात तेच प्रदूषण जास्त पाण्यात विरळ होतं. १० मीटर सरळ पट्टा निवडा, अर्धवट बुडणारं काहीतरी सोडा (संत्रं उत्तम), वेळ लावा, चार-पाच वेळा करून सरासरी घ्या. समजा २५ सेकंद लागले, वेग झाला ०.४ मीटर प्रति सेकंद. वरचं पाणी खालच्यापेक्षा जोरात जातं म्हणून ०.८५ ने गुणा, ०.३४. रुंदी २ मीटर, सरासरी खोली ०.२५ मीटर, म्हणजे ०.१७ घनमीटर, सेकंदाला १७० लिटर.

आता समजा वरच्या जागी सेकंदाला ६० लिटर प्रवाह आणि सल्फेट ४० मि.ग्रॅ. प्रति लिटर, खदानीच्या पाण्याचा प्रवाह ११० लिटर आणि सल्फेट ४४०. वरून आलं सेकंदाला २.४ ग्रॅम, खदानीतून ४८.४ ग्रॅम, मिळून ५०.८. याला १७० लिटरने भागलं की खाली सुमारे ३०० यायला हवं. तुमचा खालचा आकडा ३०० च्या आसपास आला तर हिशोब जुळला. ४०० आला तर मध्ये आणखी कुठूनतरी पाणी येतंय, काठाने चालत जाऊन ते शोधा, ईसी मीटर हातात ठेवून. ढिगाच्या पायथ्याचा एखादा झिरपा असा सापडतो.

नाल्याच्या तळाचा रंग, दगडावरचा नारिंगी किंवा काळा थर, वास, मासे-बेडूक दिसतात का, आदल्या तीन दिवसांत पाऊस झाला का, हेही लिहा.

## पायरी १०: पेटी, फॉर्म, लॅब

बाटल्या बर्फात, सूर्यप्रकाशाबाहेर, त्याच दिवशी लॅबला. कोलिफॉर्म शक्यतो सहा ते आठ तासांत, नायट्रेट ४८ तासांत. धातूंची ॲसिड टाकलेली बाटली सहा महिने टिकते, तिची घाई नाही.

दर दहा सॅंपलमागे एक डुप्लिकेट (त्याच जागेचं दुसरं सॅंपल), आणि दर फेरीला एक ब्लॅंक म्हणजे डिस्टिल्ड वॉटर शेतावरच त्याच फिल्टरमधून त्याच बाटलीत भरून दिलेलं. लॅबला सांगायचं नाही कोणतं काय आहे, नुसता नंबर द्यायचा. ब्लॅंकमध्ये झिंक किंवा लोह आलं तर त्या दिवशीचे तुमचे आकडे संशयित.

बाटली कुणी भरली, कुणी नेली, कुणी घेतली, वेळ आणि सह्या, हा एक कागद प्रत्येक फेरीला हवाच.

## पायरी ११: रिपोर्ट आला, आता आधी तो तपासा

रिपोर्ट वाचायच्या आधी तीन गोष्टी बघा.

पहिली, टीडीएसला ईसीने भागा. ०.५५ ते ०.७ च्या दरम्यान यायला हवं, सल्फेट जास्त असलेल्या पाण्यात थोडं वर चालतं. ईसी १,४०० आणि टीडीएस ४०० असेल तर दोनपैकी एक चूक आहे, लॅबला परत करायला लावा. दुसरी, डुप्लिकेट जोडीत २० टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. तिसरी, लॅबला धन आणि ऋण आयनांचा ताळेबंद मागा, फरक १० टक्क्यांच्या आत हवा.

मग एकक बघा. नायट्रेटची पिण्याची मर्यादा ४५ आहे, ती नायट्रेट म्हणून. काही रिपोर्टवर नायट्रेट नायट्रोजन असतं, तिथे १२ दिसलं म्हणून खूश होऊ नका, १२ ला ४.४३ ने गुणलं की ५३ होतात.

मर्यादा कोणती लावायची यातही घोळ होतो. विहिरीच्या पिण्याच्या पाण्याला आयएस १०५०० हे भारतीय मानक लागतं (आकडे मि.ग्रॅ. प्रति लिटर): सल्फेट २००, दुसरा स्रोत नसेल तर ४००, टीडीएस ५०० आणि २,०००, फ्लोराइड १ आणि १.५, मॅंगनीज ०.१ आणि ०.३; लोह १, त्यात सूट नाही. खदानीतून सोडलेल्या पाण्याला वेगळी मानकं: पीएच ५.५ ते ९, तरंगते कण १००, तेल-ग्रीस १०, सीओडी २५०. सोडलेलं पाणी मानकात बसतं म्हणजे ते पिण्यालायक झालं असं नाही, आणि ते पिण्यालायक नाही म्हणजे कायदा मोडला असंही नाही. दोन्ही बाजूंचे लोक ही गल्लत करतात.

कारण शोधताना घाई नको. क्लोराइड आणि नायट्रेट दोन्ही बरोबर वाढले तर आधी गटार, गोठा आणि खत बघा. क्लोराइड जागच्या जागी आणि सल्फेट वाढलं तर खदान किंवा ढिगाकडे बोट जातं. नुसतं नायट्रेट असेल तर अवघड आहे, स्फोटकांमध्येही अमोनियम नायट्रेट असतं आणि संत्र्या-कापसाला युरियाही पडतो, इथे कंट्रोल विहीरच कामाला येते. फ्लोराइड तर चंद्रपूरच्या काही भागांत खडकातूनच येतं, ते जास्त आलं म्हणून लगेच खदानीच्या नावावर लिहू नका, पण ते पाणी पिणंही थांबवा.

पातळीचंही तसंच. खदानीजवळची विहीर मागच्या मेपेक्षा ४ मीटर उतरली आणि कंट्रोल विहीर दीड मीटर उतरली, तर तो दीड मीटर कमी पावसाचा धरा. उरलेल्या अडीच मीटरचा जाब विचारायचा.

## पायरी १२: कुठे आणि कसं मांडायचं

तक्ता एका पानाचा करा: जागा, तारीख, पातळी, प्रवाह, चार-पाच मुख्य आकडे, मागच्या वर्षी त्याच महिन्याचा आकडा, कंट्रोलचा आकडा. सोबत नकाशा, फोटो, लॅबचे मूळ रिपोर्ट. ग्रामसभेत ठेवा, ठरावासह प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला, भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाला आणि खदानीच्या व्यवस्थापनाला द्या, पोच घ्या.

एक नीट समजून घ्या. जल प्रदूषण कायदा १९७४ च्या कलम २१ प्रमाणे सोडलेल्या पाण्याचं कायदेशीर सॅंपल मंडळाचा अधिकारी नोटीस देऊन, सील करून घेतो, तेच त्या कायद्याखाली पुरावा म्हणून चालतं. तुमचं सॅंपल त्याची जागा घेऊ शकत नाही. म्हणून अर्जात मागणी नेमकी करा: "अमुक तारखेच्या आत, जागा क्रमांक २ आणि ३ वर, कलम २१ नुसार सॅंपल घ्यावं, आणि सल्फेट, लोह, मॅंगनीज तपासावं." नुसतं "कारवाई करावी" लिहिलं तर अधिकारी येऊन पीएच आणि तरंगते कण बघून जातात.

खदान बंद होणार असेल तर याच अर्जात आणखी दोन मागण्या घाला. पंप थांबल्यावर गोफमधली पाण्याची पातळी दर महिन्याला मोजून गावाला सांगावी, आणि पिझोमीटर बुजवू नयेत. बंद करताना पहिले तेच बुजवले जातात, आणि पाणी वर येऊन स्थिर व्हायला कितीतरी वर्षं जाऊ शकतात. तोपर्यंत मे आणि नोव्हेंबरची फेरी चालू ठेवा, वही एकाच माणसाकडे न ठेवता ग्रामपंचायतीत ठेवा आणि तिची झेरॉक्स शाळेत.